नलूचा झील

लिही. आधी नाव घाल, नलू. आडनाव नको. त्या कचेरीत आडनावाने हाका मारून मारून तिला स्वतःच्या आडनावाचा वीट आलाय. ती माझी शेजारीण. आमच्यात एक भिंत, ती पण अशी की तिकडे फोडणी पडली की इकडे मला शिंक येते. लालबागला आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्या म्हणून आलो, ती कणकवलीच्या बाजूची, मी देवगडची.

आणि झील हा शब्द नीट लिही, मनवा. तुमच्या पुस्तकात नसेल. आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळी भानगड ह्या एवढ्याशा शब्दाने केली.

नलूचा नवरा धोंडू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. संप झाला नि मिल गेली, ते तुला माहीत आहे. धोंडू घरी बसला तो बसलाच, मग खाट धरली. तेव्हा नलूने खानावळ काढली. काढली म्हणजे पाटीबिटी काही नाही, घरात एक स्टो होता, दुसरा आणला, झाली खानावळ. गावची माणसं होतीच, एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहणारी, बायका गावाला. सकाळी डबा नि रात्री पान. कुळथाची पिठी, भात, सुकट, कधी बांगडा स्वस्त मिळाला तर बांगडा. धोंडू गेला, तेरावं झालं, नि दुसऱ्या दिवशी हिने स्टो पेटवला. मला म्हणाली, रडायला बसले तर ही माणसं जेवणार कुठे.

मूल नव्हतं तिला. त्यावरून कोण काय बोलायचं ते आता नको. पण तिची एक सवय होती. जो पानावर बसेल त्याला झिला. घे रे झिला, भात घे. आज उशीर केलंस रे झिला. मिशीवाला असो, डोकं पिकलेला असो. टोकाच्या खोलीतले तात्या तिच्याहून चांगले मोठे, त्यांनासुद्धा झिला. धोंडू होता तेव्हा एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई हिला टोचून बोलली, तुला एक नाही म्हणून अख्ख्या चाळीला झील करतेस काय गो. नलूने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला नि म्हणाली, "तुझो घोव पण माझो झील. काल दोन भाकऱ्या जास्त खाऊन गेलो." नवऱ्याचं निघालं तशी ती बाई परत काही बोलायला आली नाही.

तर त्या जेवणाऱ्यांत दगडू म्हणून गोदीतला एक हमाल होता. त्याची बायको गावाला वारली, तशी तो पोराला घेऊन आला. हितेंद्र नाव. नाव मोठं नि पोर एवढंसं. दगडू म्हणाला, वहिनी, ह्याला अर्धं पान वाढा, अर्ध्याचे पैसे देतो. नलूने पूर्ण पान वाढलं, नि त्याचे पैसे कधी लावलेच नाहीत. पुढे दगडूची छाती गेली, तोही गेला. गावाहून त्याचे भाऊबंद पोराला न्यायला आले. पोर नलूच्या पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसलं ते बाहेर येईना. त्यांनी ओढायला हात घातला तशी नलू मधे उभी राहिली. म्हणाली, हा माझा झील आहे, कुठे नेता. त्यांनाही एक तोंड कमी झालं तर हवंच होतं. ते गेले, हा राहिला.

दत्तकबित्तक काही नाही हां. ते लक्षात ठेव. शाळेत नाव दगडूचंच, सगळ्या कागदांवर दगडूचंच. नलूने फक्त रोज पान मांडलं, शाळेत घातला, मोठा केला, लग्न लावून दिलं. दर्शना म्हणून सून आली, गुणी आहे. एका खोलीत किती माणसं मावणार, म्हणून ती दोघं वडाळ्याला भाड्याने राहतात. दोन पोरं आहेत. हितेंद्र लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला. आपल्या इथे मिली पाडून ते टॉवर उभे राहिलेत ना, त्यातल्या लिफ्टा. सुट्टी असेल तेव्हा येतो. हिचं जेवतो, जमिनीवर पसरतो, संध्याकाळी जातो. पैसे द्यायला काढले तर ती घेत नाही, म्हणते तुझं भाडं भर आधी.

खानावळ बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. हिचे गुडघे गेले नि जेवणारे पण गेले, कोण गावाला, कोण विरारला. मग परळच्या मंडळाच्या माणसांनी हिचा निराधार बायकांचा तो सरकारी पगार चालू करून दिला. अर्जात मूलबाळ नाही असं लिहिलं होतं. खरंच होतं ते. तेवढ्यावर तिचा गॅस नि साखरेच्या गोळ्या चालायच्या. जास्त नव्हताच तो. पण महिना उलटला की बँकेत जाऊन ती रांगेत उभी राहायची, ते तिला आवडायचं. पगार आणायला जाते, असं सांगून जायची.

मग त्या पगाराच्या कचेरीतून तो तपासणीवाला आला.

वाईट नव्हता हां पोरगा. घामाने भिजलेला, खांद्याला बॅग, हातात मोबाईल. किती मजले चढला असेल देव जाणे. नलूने त्याला बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. हितेंद्र त्या दिवशी सुट्टीवर, जेवून बनियनवर आडवा पडला होता. तपासणीवाल्याने विचारलं, हे कोण. नलू म्हणाली, झील हा माझो. त्याला कळेना, तो तिकडचा, घाटावरचा. एवढ्यात तात्यांनी दारातून डोकं घातलं. तात्यांना समजावून सांगायला फार आवडतं, रस्त्यात पत्ता विचारला तर घरापर्यंत सोडून येतील. ते म्हणाले, झील म्हणजे मुलगा साहेब, मालवणीत. मग त्याने विचारलं, काय करतात. आता आपल्या माणसाचं कोण कमी सांगतं. नलू म्हणाली, लिफ्टच्या कंपनीत आहे, मोठमोठ्या टॉवरात जातो. त्याने मोबाईलमध्ये काय ते टाकलं, सरबत संपवलं नि गेला.

पुढच्या महिन्यात नलू बँकेतून रिकामी आली. खातं बंद केलंय म्हणाले. मग चार दिवसांनी पत्र. तात्यांनीच वाचून दाखवलं गॅलरीत उभं राहून. मुलगा कमावता असताना पगार घेतला, तो कमावता झाला तेव्हापासूनचा सगळा परत करा, वर दंड, नाहीतर पुढची कारवाई. मुलगा ह्या शब्दावर आले नि तात्यांनी तो परत वाचला. कागद घडी करून त्यांनी तिच्या हातात दिला नि चपला न घालता खाली निघून गेले. दोन दिवस गॅलरीत दिसले नाहीत.

आकडा सांगत नाही. एवढंच लिही की सगळी भांडी नि खोलीतला पंखा विकला तरी झाला नसता.

तेव्हापासून नलूला एक जागा नाही. निवडलेले तांदूळ परत निवडायची. बाजारात जायची नि रिकामी पिशवी घेऊन यायची, कशाला गेले होते गो मी, मलाच विचारायची. कपडे भिजत घालून गॅलरीत उभी, तिथून आत, आतून परत बाहेर. तिची ती चप्पल मला भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायची. बस गो जरा, म्हटलं की बसायची, लगेच उठायची. एकदा माझ्याकडे चहा प्यायला आली, कप तसाच हातात घेऊन घरी गेली, नि तो कप मला तिसऱ्या दिवशी तिच्या मोरीत सापडला.

खालच्या मजल्यावर सीमाला पण असंच पत्र आलं होतं, तिचं कारण वेगळं. ती घाबरून गेली नि हप्त्याने भरते म्हणून सही करून आली. आता तिचा येणारा पगार दर महिन्याला कापून येतो, हातात काय राहतं ते ती सांगत नाही, पण पोराची शिकवणी बंद झाली ते आम्हाला दिसतं. तिचं बघून नलू पण कचेरीत गेली. मला बरोबर नेलं. खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे केला. म्हणाला, इथे सही करा आजी, हप्ते पाडून देतो, दंडाचं पण बघू, खातं लगेच उघडेल. नलूने पेन हातात घेतलं. सही येते तिला, खानावळीच्या जोरावर शिकली होती. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली आधी वाचा. त्याने भरभर वाचलं. त्यात एक वाक्य होतं, मुलगा कमावता असल्याची माहिती मी लपवली.

नलूने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "लपवली? मी तर त्याका सरबत देऊन सांगितलंय."

मागची रांग हसली. ती नाही हसली. तशीच निघाली, मी तिच्यामागे.

हितेंद्रला कळलं तसा तो कामावरून परस्पर आला. दर्शनाच्या बांगड्या गहाण ठेवतो नि भरून टाकतो म्हणाला. दर्शनाने बांगड्या काढून आणल्या पण होत्या, रुमालात. नलू ऐकेना, तो ऐकेना, दोघांचा आवाज चढला. मग मीच म्हटलं, जरा थांबा, परळला त्या सरोजिनीबाई बसतात त्यांना विचारू. सरोजिनीबाई दादरच्या, जन्मभर सरकारी नोकरीत होत्या. आता शनिवारी मंडळाच्या खोलीत बसून लोकांचे असले कागद बघतात. तोंडाने फटकळ आहेत. चहा विचारला तर म्हणतात, कामाचं बोला.

त्यांनी पत्र वाचलं, सगळं ऐकलं. म्हणाल्या, सही केली नाहीत हे बरं केलंत, सही केली असती तर गुन्हा कबूल झाला असता. बाईंनी काही लपवलेलं नाही, खोटं लिहून दिलेलं नाही, मग दंड कसला. आणि गरिबाच्या हातातला पगार काढून घ्यायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आपण सुनावणी मागू. हितेंद्रने बांगड्यांचं काढलं तशा त्या त्याच्यावरच उखडल्या. तुम्ही पैसे भरलेत की त्यांच्या फायलीत लागलं, मुलाने भरले. मग झालंच ना सिद्ध. रुमाल आत ठेवा.

हितेंद्रने रुमाल खिशात घातला.

मग सरोजिनीबाई नलूकडे वळल्या. आवाज जरा उतरवला त्यांनी. म्हणाल्या, "पण नलूबाई, तिथे तुम्हाला तुमच्या तोंडाने सांगावं लागेल. हा माझा मुलगा नाही."

नलू उठली. पाणी पिऊन येते म्हणाली नि गेली ती आलीच नाही. मी बाहेर येऊन बघते तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी, बस येत होत्या, जात होत्या, ही एकीत पण चढत नव्हती.

सुनावणीची तारीख लागेपर्यंतचे ते दिवस मला नकोत परत. हितेंद्र म्हणायचा, बोल ना गो आये, बोलल्याने काय होतं, मी कुठे चाललोय. खरं होतं ते. सगळं कळत होतं तिला. एक दिवस माझ्या दारात उभी राहिली, आत येईना, बाहेर जाईना. म्हणाली, "शांते, दगडूची माणसां न्यायला आली तेव्हा मी काय बोललंय, ठावक हा मा तुका? माझो झील हा, खंय नेतास. तो पिंपामागसून आयकत होतो. तेवढ्यावर बाहेर इलो तो. आता त्याच्याच समोर नाय म्हणू?"

मी म्हटलं, जेव आधी.

तात्या मात्र त्या दिवसांत कसला तरी विचार करत फिरत होते. सुनावणीच्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यापाशी हजर. मी पण येणार म्हणाले. नलू त्यांच्याशी बोलत नव्हती, पण नको पण म्हणाली नाही.

कचेरीत बाकावर बसलो. नलू दर मिनिटाला उठून दाराशी जाते, परत येते. हितेंद्र तिचा चष्मा घेऊन आला, ती तो बसमध्ये विसरली होती. म्हणाला, "काकी, चष्मा." नलूने मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारली म्हणून. मग तिला कळलं, तो सवय करत होता. चष्मा घेतला तिने, घातला नाही.

आत एक मॅडम होत्या, लातूरकडच्या, तुझ्या आईच्या वयाच्या. सरोजिनीबाई होत्या. तो तपासणीवाला पोरगा पण होता, त्याला बोलावून घेतलं होतं. मॅडमनी वाचलं, तपासणीत बाईंनी स्वतः सांगितलं की मुलगा आहे नि नोकरी करतो. सरोजिनीबाईंनी शाळेचा दाखला दाखवला, बापाचं नाव दगडू. मॅडम म्हणाल्या, ते दिसतंय, पण मग बाई मुलगा का म्हणाल्या.

तात्या उभे राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, मॅडम, मुलगा मी म्हणालो, त्या झील म्हणाल्या. नि त्या मला पण झील म्हणतात. मी त्यांच्याहून मोठा आहे, मला लिहायचं असेल तर लिहा, मी पण पेन्शन खातो. खानावळीत जो जेवला तो झील. लालबागला अजून पाचपन्नास सापडतील, कोणी मेलेत, कोणी आजोबा झालेत. मग तपासणीवाल्याकडे बोट केलं. ह्यांना विचारा. सरबत देताना ह्यांना काय म्हणाल्या?

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, हो मॅडम, मला पण म्हणाल्या होत्या. सरबत घे रे झिला. मला वाटलं, माझं नाव चुकलं.

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. मग नलूला विचारलं, बाई, तुम्ही सांगा, तुम्ही सगळ्यांनाच झील म्हणता का?

बघ, किती सोपं करून दिलं होतं तात्यांनी. हा माझा नाही, असं म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हो म्हणायचं. पण नलू? पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते, सोडते. हितेंद्र दारापाशी उभा होता, तो मान खाली घालून आपल्या बुटाकडे बघत राहिला. मला वाटलं ही आता उठते नि त्या दिवशीसारखी निघून जाते.

मग म्हणाली, "होय. सगळ्यांका म्हणतंय."

मॅडमनी हितेंद्रकडे बोट केलं. "ह्यांना म्हणता तसंच?"

"तसाच."

एवढंच. मॅडमनी लिहून घेतलं. नलूने सही केली, तिच्या सहीतल्या लूचं शेपूट कागदाच्या बाहेर गेलं.

बाहेर आलो नि हितेंद्र मोकळा हसला. म्हणाला, "काय गो आये, तात्या माझो थोरलो भाव झालो आता." तात्या पण हसले, मी पण हसले, इतक्या दिवसांनी. नलू पुढे चालत होती. बसमध्ये हितेंद्र तिच्या शेजारी बसला तर खिडकीतून बाहेर बघत राहिली. तो बिचारा तिचा हात धरून बसला वडाळ्याच्या फाट्यापर्यंत.

निकाल आला. वसुली रद्द, दंड नाही, पगार चालू, खातं उघडलं. सीमाचं सरोजिनीबाईंनी हातात घेतलंय, पण तिची सही आहे ना, ते सुटायला वेळ लागतोय. नलूच्या कागदात शेवटी एक ओळ होती, पुन्हा तपासणी होऊ शकते. ती ओळ नसती तर बरं झालं असतं. सरोजिनीबाई म्हणतात, अहो, ती सगळ्यांच्याच कागदात असते. असेल. पण जिन्यात बॅगवाला दिसला की नलू अजून उभी राहते, मग तो कुरिअरवाला असो की वीजबिलवाला.

पण मला सांगायचं होतं ते पुढचं. कागद आला त्या संध्याकाळी तात्या तिच्याकडे चहाला गेले. खुशीत होते, दारातूनच म्हणाले, काय वाढतेस आज झिलाक? नलूने पाट पुढे केला नि म्हणाली, बसा तात्या. तात्या उभेच राहिले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्यांनी स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. मला पण भिंतीपलीकडून चुकल्यासारखं झालं. मग दूधवाल्याला दूधवाले भाऊ. प्लंबरला प्लंबर. खालच्या सीमाच्या पोराला, त्याचं जे नाव आहे ते. गोड बोलते सगळ्यांशी, सरबत पण देते. पण तो शब्द काढून घेतला तिने सगळ्यांकडून. तात्यांना जरा लागलं. दोन दिवस कुरकुरले, मग मला म्हणाले, जाऊ दे, एकाचंच होतं ते, आम्ही उष्टं खात होतो.

हितेंद्र सुट्टीचा येतो. नलू आधी गॅलरीच्या ह्या टोकाला बघते, मग त्या टोकाला. जिन्यात वाकून बघते. मग दार लोटून घेते, उन्हाळा असला तरी. नि मग आतून तिचा आवाज येतो, हळू, पण भिंत कशी आहे ते तुला सांगितलंच, "जेवलंस काय रे झिला?"

मी उठून टीव्हीचा आवाज वाढवते. काय लागलंय ते बघतसुद्धा नाही.